खिचडी बंद करून आईच्या खात्यात पैसे? 'ताळेबंद' यांच्या लेखाला उत्तर आणि त्यावरची चर्चा

कोयनाकाठ

गेल्या आठवड्यात 'ताळेबंद' यांनी लिहिले की शाळेचे काम शिकवण्याचे आहे, खिचडी शिजवण्याचे नाही. शालेय पोषण आहारात धान्याची आणि पैशाची गळतीच जास्त, म्हणून ही योजना गुंडाळून तेवढी रक्कम आईच्या खात्यात जमा करावी. आणि अंड्याचा वाद तर निरर्थकच, कारण ज्याला अंडे हवे तो घरी खाईल. हे वाचून मला इतका राग आला की खाली दोन ओळींचा प्रतिसाद देऊन भागले नसते, म्हणून हा स्वतंत्र धागा काढते आहे.

मी शाळा तपासणीच्या पथकात वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करते. मुलाची खालची पापणी ओढून आतला रंग पाहायचा, वजन-उंची घ्यायची, दात, कान, त्वचा पाहायची, असे ते काम असते. सोमवारी सकाळी रांगेतल्या मुलांना काय खाऊन आलात असे विचारले की 'चहा-खारी' हे उत्तर इतक्या वेळा येते की आता मला ते लिहून घ्यावेसेही वाटत नाही. घरची आई निष्काळजी असते असे मुळीच नाही. ती सातच्या आत दुसऱ्याच्या शेतावर पोचलेली असते, आणि मूल उठते तेव्हा चूल विझलेली असते. त्या आईच्या खात्यात पैसे आले तरी अकरा वाजता मुलाच्या पुढ्यात गरम जेवण कोण वाढणार, याचे उत्तर तुमच्या लेखात नाही.

शिवाय हा प्रयोग आपण एकदा करून बसलो आहोत. 15 ऑगस्ट 1995 रोजी योजना सुरू झाली तेव्हा शिजवलेले अन्न नव्हतेच, हजेरी भरली की महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा. तो तांदूळ घरातल्या सगळ्यांच्या ताटात वाटला जायचा आणि शाळकरी मुलाच्या वाट्याला किती आला हे कुणालाच कळत नसे. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2001 रोजी शिजवलेलेच अन्न द्या असा आदेश दिला. पुढे 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने आठवीपर्यंतच्या मुलाचा तो हक्क ठरवला. रोखीचा प्रयोगही झाला. 2021 च्या उन्हाळी सुट्टीतल्या आहाराचे पैसे खात्यात देण्याचे ठरले, पहिली ते पाचवीच्या मुलाला 156 रुपये आणि सहावी ते आठवीच्या मुलाला 234 रुपये. त्यासाठी मुलाचे खाते हवे होते. खाते उघडायला बँकेत जायचे म्हणजे मजुरी बुडवायची, आणि कितीतरी ठिकाणी किमान शिल्लक म्हणून त्याहून जास्त पैसे मागितले गेले.

आता अंड्याबद्दल. नोव्हेंबर 2023 मध्ये आठवड्यातून एक अंडे, आणि न खाणाऱ्यांना केळे किंवा फळ, असा निर्णय राज्याने घेतला. जानेवारी 2025 मध्ये त्याचा निधी काढून घेतला आणि हवे असेल तर शाळांनी लोकसहभागातून करावे असे सांगितले. ज्या गावात लोकसहभाग मिळू शकतो त्या गावातल्या मुलांना अंड्याची गरज सर्वांत कमी असते. एवढे जरी 'ताळेबंद' यांनी मान्य केले तरी माझे समाधान होईल.

ताळेबंद

आपल्या रागाचा आदर राखून उत्तर देतो. आपण 156 रुपयांचे उदाहरण दिलेत, पण त्यातून रक्कम फुटकळ होती एवढेच सिद्ध होते. रोख देणे चूक आहे हे सिद्ध होत नाही. 1 मे 2025 पासून धान्याव्यतिरिक्तचा खर्च प्राथमिकला दिवसाला 6 रुपये 78 पैसे आणि उच्च प्राथमिकला 10 रुपये 17 पैसे धरला आहे. दोनशे दिवस धरले तर पहिल्या गटात वर्षाचे साडेतेराशे होतात, दुसऱ्यात दोन हजारांच्या वर. एका घरात दोन मुले असतील तर ही रक्कम क्षुल्लक राहत नाही, आणि खाती तर आता घरोघरी उघडलेली आहेत.

दुसरे असे की आई पैसे मिळाल्यावर मुलाला उपाशी ठेवील हे जे आपण सर्वजण न बोलता गृहीत धरता, तो मला गरीब बाईचा अपमान वाटतो. लाडकी बहीण योजनेत महिना 1500 रुपये सरळ तिच्या हातात जातात, ते चालते. मग मुलाच्या जेवणाचे का चालत नाही?

आणि तीस वर्षे खिचडी शिजवून मिळाले काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील खुरट्या, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या, मुलांचे प्रमाण 2015-16 मध्ये 34.4 टक्के होते, ते 2019-21 मध्ये 35.2 टक्के झाले. इतका निष्प्रभ खर्च कुठल्याही खासगी संस्थेने केव्हाच बंद केला असता.

कोयनाकाठ

तो आकडा पाच वर्षांखालील मुलांचा आहे, साहेब. ती मुले शाळेत येतच नाहीत, आणि जे जेवण त्यांनी खाल्लेच नाही त्या जेवणावर आपण त्यांच्या उंचीचे खापर फोडता आहात. शालेय आहाराचा परिणाम मोजायचा असेल तर आज शाळेत जेवणारी मुलगी उद्या आई झाल्यावर तिच्या बाळाची उंची पाहावी लागते, आणि तसा अभ्यास 2021 मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये प्रसिद्ध झाला आहे: लहानपणी ज्यांना हे जेवण मिळाले त्या स्त्रियांच्या मुलांची वयानुसार उंची, न मिळालेल्यांच्या मुलांपेक्षा स्पष्टपणे चांगली आढळली. एका पिढीत गुंतवलेले पुढच्या पिढीत दिसते, ते वार्षिक ताळेबंदात शोधून सापडणार नाही.

लाडक्या बहिणीचे आपण काढलेतच म्हणून सांगते. 2025-26 च्या अर्थसंकल्पात त्या योजनेसाठी 36 हजार कोटींची तरतूद होती, आणि अंड्याचा वर्षाचा खर्च वर्तमानपत्रांनी सुमारे 50 कोटी सांगितला होता. त्या बायकांचे 1500 कुणी काढून घ्यावेत असे मी म्हणणार नाही. पण पैसे नाहीत म्हणून मुलांच्या ताटातले अंडे गेले, हे कुणी मला सांगू नये.

मेळघाटी

मी अंगणवाडी पर्यवेक्षिका म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे दोघांनाही न आवडणारे बोलते. खुरटेपणा दोन वर्षांच्या आत ठरून जातो. शाळेत येणाऱ्या मुलाला अंडे अवश्य द्या, पण हात आखडता घ्यायचाच असेल तर तो गरोदर बाईच्या आणि तान्ह्या बाळाच्या ताटावर पडू देऊ नका. अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या अंगणवाडीत सात महिने ते सहा वर्षांच्या बाळाला आठवड्यातून चार दिवस अंडे किंवा केळे देण्याची तरतूद आहे. ते अंडे वेळेवर मिळाले की बाळाच्या अंगावर दिसते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. इक्वेडोरमध्ये 2017 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडे दिले, तर खुरटेपणाचे प्रमाण निम्म्याच्या आसपास कमी झाले.

अंडी पोचवणारे वाहन पावसाळ्यात पाड्यापर्यंत जात नाही आणि सेविका स्वतःच्या पदरच्या पैशाने अंडी आणते, बिल मात्र चार-चार महिने निघत नाही. या गोष्टीवर कुणी धागा काढत नाही, हे माझे जुने दुखणे आहे.

तुळशीमाळ

मेळघाटी ताई, तुम्ही इक्वेडोर सांगितलेत, तर मलावीही सांगायला हवे होते. तिथे 2019 साली प्रसिद्ध झालेल्या तशाच प्रयोगात बाळांच्या उंचीत फरक पडला नाही. अंड्याला रामबाण म्हणणाऱ्यांनी दोन्ही सांगावेत.

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माळ आहे. माझा नातू जिल्हा परिषदेच्या शाळेत जातो. इतर मुलांनी अंडे खाण्याला माझा विरोध नाही, खाऊ देत. पण एकाच पातेल्यात अंडा पुलाव शिजणार आणि माझ्या नातवाने केळे घेऊन बाजूला बसायचे, ही मांडणी मला अयोग्य वाटते. प्रथिनेच हवी असतील तर मटकी, हुलगा, चवळी, शेंगदाणे, दूध आपल्या मातीत आहे. आपल्या आजीने अंड्याशिवायच मुले वाढवली.

कोयनाकाठ

मलावीचा निष्कर्ष खरा आहे, काका. पण त्या भागात तळ्याकाठची मुले आधीपासून मासे खात होती आणि तिथे खुरटेपणाही कमी होता. ज्यांच्या ताटात आधीच प्राणिज प्रथिने आहेत त्यांना अंड्याने फारसा फरक पडणार नाही, हे त्यातून दिसते. आपल्या मुलांच्या ताटात ती नाहीत. मटकी-हुलगा उत्तमच, पण जीवनसत्त्व ब-12 डाळीत मिळत नाही. ते दूध, अंडे, मासे, मांस यांतच मिळते. दूध द्यायचे म्हटले तर ते नासते, आणि त्यात पाणी मिसळले तरी कळत नाही. अंड्यात भेसळ करता येत नाही, हा त्याचा सरकारी योजनेतला सर्वांत मोठा गुण आहे. नातवासाठी अंडे वेगळे उकडावे, पुलावात घालू नये, हे तुमचे म्हणणे मात्र मला पूर्ण पटते. उकडलेले अंडे सोलून ज्याच्या त्याच्या हातात देता येते.

आणि आजीने वाढवलेल्या मुलांतली किती पाच वर्षांच्या आत गेली, हे आपल्या घरातल्या कुणा जुन्या माणसाला विचारून पाहा. मी कुणाच्या आजीचा अनादर करत नाही.

खडूफळा

इथे सगळे ताटात काय असावे याबद्दल बोलत आहेत, ताट कोण भरते याबद्दल एकानेही लिहिलेले नाही. मी द्विशिक्षकी शाळेची मुख्याध्यापिका आहे. पहिली ते चौथी आम्ही दोघी सांभाळतो. सकाळी हजेरी झाली की पटावर किती, हजर किती, त्याप्रमाणे दरडोई 100 ग्रॅम तांदूळ, डाळ, तेल, तिखट, मीठ मोजून कोठीतून काढून द्यायचे. पोत्यावर 50 किलो छापलेले असते, काट्यावर 48 भरते, आणि ती तूट माझ्या साठा नोंदवहीत माझ्या नावावर चढते. भाजीपाला आणि इंधनाचे पैसे मागून येतात, तोवर सिलिंडर आणि कांदे-बटाटे मी भरते. अन्न शिजले की आधी मी चाखायचे आणि चव नोंदवहीत सही करायची. मग ॲपवर आकडे भरायचे, रेंज नसेल तर गच्चीवर जाऊन भरायचे. अंड्याला सरकार पाच रुपये देत होते तेव्हा बाजारात ते सहा-सात रुपयांना मिळत होते, आणि वरचा फरक कुणी भरायचा याचे उत्तर केंद्रप्रमुखांकडेही नव्हते.

2013 मध्ये बिहारमधील गंडामन गावात शाळेच्या जेवणातून विषबाधा होऊन 23 मुले दगावली आणि तिथल्या मुख्याध्यापिकेला पुढे तुरुंगवासाची शिक्षा झाली. तिचा निष्काळजीपणा होता आणि तिच्या बाजूने मला काहीच म्हणायचे नाही. परंतु त्या दिवसापासून पातेल्याचे झाकण उघडताना माझ्या पोटात गोळा येतो. हे असताना चौथीतल्या मुलाला भागाकार का येत नाही असे विचारणाऱ्यांनी एक दिवस माझ्या शाळेत येऊन बसावे. 'ताळेबंद' यांचा उपाय मला पटत नाही, पण 'शाळेचे काम शिकवण्याचे' हे त्यांचे वाक्य मला शंभर टक्के मान्य आहे.

चुलीपाशी

बाई, तुमचे दुखणे खरे आहे, पण तुम्ही 'ताट कोण भरते' असे लिहून पुढे फक्त शिक्षकांबद्दल लिहिलेत. ताट माझी आई भरते. ती एका शाळेत स्वयंपाकी आहे. तांदूळ निवडणे, भाजी चिरणे, शिजवणे, वाढणे, मोठी पातेली घासणे, जेवणाची जागा झाडणे, हे सगळे करून तिला महिना 2500 रुपये मिळतात आणि तेही वर्षातले दहाच महिने. 2023 पर्यंत ते 1500 होते. पटसंख्या घसरली की पहिली कुऱ्हाड तिच्यावर पडते. तुमच्याकडे पगार आहे, सेवाशर्ती आहेत, संघटना आहे. आई अंडी उकडून सोलून देत होती तेव्हा त्या दिवशी तिला तासभर जास्त लागायचा, त्याचे एक पैसाही कुणी दिले नाहीत, आणि तरीही ती म्हणायची की अंड्याच्या दिवशी एकही पोर गैरहजर नसते.

खडूफळा

मी माझ्या शाळेतल्या ताईंच्या विरोधात एक शब्द लिहिलेला नाही. त्यांचे मानधन थकते तेव्हा त्यांना किराण्यासाठी पैसे मी दिलेले आहेत, हे इथे सांगण्याची वेळ आपण माझ्यावर आणलीत. शिक्षकाला पगार मिळतो म्हणून त्याने काहीही करावे, मतदार यादी करावी, जनगणना करावी, तांदूळ मोजावा, हा जो समज पसरला आहे त्यालाच आपण बळ देत आहात.

चुलीपाशी

आणि गरीब बाईने सेवा म्हणून शिजवावे, हा समज तुम्हा सगळ्यांनीच पसरवला आहे. पैसे उसने देणे आणि हक्काचे वेतन मिळणे यांत फरक आहे. मला तुमचे उपकार मोजायचे नाहीत.

दूरदेशी

दोघींनीही कृपया थांबावे, कारण आपण ज्यावरून भांडत आहात तो प्रश्न एका राज्याने पुष्कळसा सोडवलेला आहे. मी अनेक वर्षे कोइमतूरला राहतो, माझी पत्नी तिथल्या शासकीय शाळेत शिकवते. तमिळनाडूत 1982 मध्ये योजना मोठ्या प्रमाणावर सुरू झाली तेव्हाच आहारासाठी स्वतंत्र माणसे नेमली गेली: प्रत्येक केंद्रावर एक संयोजक, एक स्वयंपाकी, एक मदतनीस. साठा आणि हिशेब संयोजकाकडे असतो. माझ्या पत्नीने आजवर तांदूळ मोजलेला नाही. तिथे शाळेच्या दिवसांत रोज अंडे मिळते, न खाणाऱ्याला केळे मिळते, आणि कुणी कुणाच्या ताटाकडे पाहत नाही, कारण रोजची गोष्ट झाली की तिची चर्चा संपते. सरकारे आलटून पालटून आली, पण आधीच्याने सुरू केलेले पुढच्याने बंद केले नाही, उलट वाढवले. सप्टेंबर 2022 पासून प्राथमिकच्या मुलांना सकाळची न्याहारीसुद्धा आहे. सगळे आलबेल आहे असे नाही, तिथल्या आहार कर्मचाऱ्यांचीही वेतनासाठी आंदोलने होतात. पण 'शिक्षकाने शिकवावे की शिजवावे' हा प्रश्न तिथे कुणाला पडत नाही.

ताळेबंद

तमिळनाडूचे उदाहरण दरवेळी येते आणि दरवेळी त्याचा खर्च सांगितला जात नाही. प्रत्येक शाळेला संयोजक म्हणजे किती पदे, त्यांचे निवृत्तिवेतन किती, हे कुणी मांडेल काय? तरीही खडूफळा बाईंचा प्रतिसाद वाचल्यावर एवढे मान्य करतो की माझ्या लेखातील 'गळती' हा शब्द मी शाळांना उद्देशून वापरला होता, पण ती गळती पोते शाळेत येण्याआधीच होते आहे. त्यावर उपाय पुरवठादाराला धरण्याचा आहे, योजना बंद करण्याचा नाही. प्राथमिक शाळांपुरता माझा रोखीचा आग्रह मी बाजूला ठेवतो. मनापासून नाही, पण ठेवतो.

मात्र नववी-दहावीचे काय? तिथे जेवण नाहीच, चूल नाही, कोठी नाही. तिथे तरी मुलीच्या नावावर पैसे देण्याला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही.

मेळघाटी

पदांचा खर्च विचारता, तर कुपोषित बाळाला उपचार केंद्रात भरती करण्याचा खर्चही विचारा.

कोयनाकाठ

'ताळेबंद' यांनी नववी-दहावी काढली हे बरे केले, कारण माझी खरी काळजी तीच आहे. आठवीचा निकाल लागला की योजनेतून मुलगी बाहेर पडते, आणि नेमकी तेव्हाच तिची पाळी सुरू झालेली असते, उंची वाढत असते, लोहाची गरज वाढलेली असते. पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींमध्ये महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक जणींना रक्तक्षय आहे. शाळेत आठवड्याला लोहाची गोळी देतात, ती उपाशीपोटी घेतली की मळमळते, म्हणून मुली ती दप्तरात टाकतात. शिक्षिका समोर उभी राहून गिळायला लावते तिथे त्या नंतर उलटी करतात. मी हे पाहिलेले आहे. जेवणानंतर गोळी द्यावी असे सूचनापत्रात लिहिलेले असते, पण नववीच्या वर्गात जेवण कुठे आहे?

आणि रोखीबद्दल म्हणाल, तर परभणीत 2019-21 च्या सर्वेक्षणानुसार वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी 48 टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते, बीडमध्ये 43.7 टक्के. ऊसतोडीला निघालेले आई-वडील मुलीला मागे एकटी ठेवायला घाबरतात, म्हणून एक तर तिला फडावर नेतात किंवा तिचे लग्न लावून देतात. तिच्या खात्यातल्या दोन हजारांनी ती गावात राहणार नाही. तिला राहायला वसतिगृह आणि तिथे दोन वेळचे जेवण असेल तर राहील. पैसे द्यायचेच असतील तर त्यावर द्या.

तुळशीमाळ

वसतिगृहाला माझा पूर्ण पाठिंबा. आमच्या तालुक्यातून दरवर्षी दिवाळीनंतर गाड्या कारखान्यांकडे जातात आणि शाळेचा पट निम्मा होतो. तिथे अंडे द्यायचे असेल तर द्या, उकडून द्या. पुलावाबद्दलचे माझे मत कायम आहे.

खडूफळा

आमच्या गावात नववीचा वर्ग नाही. आठवी झालेल्या मुलींना सात किलोमीटर जावे लागते, एसटीची फेरी साडेसातला आहे, त्यामुळे त्या चहावरच निघतात आणि दुपारी तीनला परततात. डॉक्टर बाईंना विनंती आहे की पुढच्या तपासणीत त्या माध्यमिक शाळेतल्या मुलींचे हिमोग्लोबिन आणि आमच्या सातवी-आठवीच्या मुलींचे हिमोग्लोबिन शेजारी शेजारी ठेवून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी पाठवावे. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव मी जोडून देईन. आणि चुलीपाशी यांच्या आईंसाठी किमान वेतनाची मागणी त्याच ठरावात घालीन, कारण त्या मागणीला माझा विरोध कधीच नव्हता.

चुलीपाशी

ठरावात बारा महिन्यांचे वेतन लिहा, दहा नव्हे. मग आईची सही मी घेऊन येते.